स्पोकन ट्युटोरियलच्या मराठी आवाजांना

प्रिय ताई-दादांनो,

प्रा. कन्नन मौद्गल्य आणि छोट्या व्हिडिओंतून कॉम्प्युटर शिकवणाऱ्या, आयआयटी मुंबईत त्यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाचं कौतुक बरंच झालं आहे, आणि ते रास्तच आहे. हे पत्र मात्र तुम्हाला. लिनक्स, पायथन, लिब्रऑफिसचे धडे मराठीत वाचून दाखवणाऱ्यांना. धडा संपताना 'मी आपला निरोप घेते' म्हणता, तिथे तुमचं नाव क्षणभर कानावर पडतं; तोवर आमची मुलं पुढच्या धड्यावर पोचलेली असतात.

मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर शिकवते. वर्गासाठी स्वतः व्हिडिओ करायचं मनात आलं, ते तुमचे धडे बघूनच. त्यात ना कुणाचा चेहरा, ना झगमगाट. स्क्रीनवर फिरणारा माऊस आणि त्याच्या जोडीने चालणारा आवाज, बस्स. साधारण दहा मिनिटांत एक गोष्ट शिकून होते.

तुमच्या संहिता कुणालाही वाचता येतात हे कळल्यावर मी त्याच वाचत बसले. मूळ इंग्रजी संहितेत दोन रकाने असतात: डावीकडे स्क्रीनवर काय दिसतंय, उजवीकडे काय बोलायचं. मराठी संहितेत डावीकडे असते वेळ. म्हणजे चित्र आधीच पक्कं झालेलं, आणि इंग्रजीच्या मापाने सोडलेल्या जागेत मराठी वाक्य बसवायचं! आपलं क्रियापद येतं शेवटी. तोवर माऊस क्लिक करून मोकळा. तरी तुमचं 'क्लिक करा' बरोबर वेळेवर पडतं. हे किती अवघड आहे, ते स्वतः माइकसमोर बसल्याशिवाय कळत नाही.

आता मीही आधी दोन रकाने आखते. संहिता नवख्या माणसाकडून तपासून घ्यायची ही तुमच्याकडची रीतही उचलली आहे. आमच्याकडे ते काम सासूबाईंचं. त्यांनी "मग दाबायचं कुठे?" विचारलं की ते वाक्य बदलायचं. मग पंखा बंद, खिडकीला गोधडी आणि ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर सुरू. पहिले काही सेकंद मुद्दाम गप्प बसते, म्हणजे खोलीची घरघर कशी आहे ते सॉफ्टवेअरला कळतं आणि नंतर ती काढून टाकता येते.

'इथे व्हिडिओ थांबवा आणि हा स्वाध्याय करा' हे वाक्य मात्र जसंच्या तसं तुमचं घेतलंय. त्याचे खास आभार. वर्गात मी थांबा म्हटलं तर कुणी थांबत नाही. व्हिडिओतून म्हटलं की थांबतात.

तुमची,
एक कॉम्प्युटर शिक्षिका