मित्रास पत्र: सायकलच्या शर्यतीत टीम कशाला?

प्रिय मित्रा,

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, "सायकल तू एकटा चालवणार, दम तुझा एकट्याचा लागणार, मग तुमची कॉलेजची टीम म्हणजे नक्की काय? एका रंगाच्या जर्सी?" तू पास देत-घेत खेळायच्या खेळांत वाढलास, तुला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. शनिवार-रविवारी आमची माउंटन बाइकची, म्हणजे डोंगरवाटांवरच्या सायकलिंगची, चॅम्पियनशिप झाली. अंग अजून ठणकतंय, पण उत्तर डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो.

आधी गणित सांगतो, नाहीतर पुढचं नीट लागणार नाही. चॅम्पियनशिप ही एक शर्यत नसते. क्रॉस-कंट्री असते, म्हणजे चार-पाच किलोमीटरच्या चढउतारांच्या ट्रॅकवर साधारण दीड तास फेऱ्या मारायच्या. शॉर्ट ट्रॅक म्हणजे छोट्या ट्रॅकवर वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटपायचं. डाउनहिलला एकेकाला वेळ लावून डोंगरावरून सोडतात. ड्युअल स्लालममध्ये शेजारीशेजारी दोन ट्रॅक असतात, दोघं एकदम सुटतात, मग ट्रॅकची अदलाबदल करून पुन्हा सुटतात. आणि रिले. आमच्याकडे या सगळ्यांत मुलांना आणि मुलींना मिळालेले गुण कॉलेजच्या एकाच खात्यात पडतात, आणि ते पहिल्या तिघांवर थांबत नाहीत, बरेच खालपर्यंत जातात. त्यामुळे एखाद्या कॉलेजकडे क्रॉस-कंट्रीचा कितीही जबरदस्त मुलगा असला आणि डाउनहिलला उतरणारी एकही मुलगी नसली, तर ते कॉलेज वर येत नाही. विसावा येणारा आणि एकविसावा येणारा यांच्यातला फरक बघायला कुणी थांबत नाही. आमच्या तंबूत मात्र त्यावर श्वास रोखलेले असतात.

पण गुण हा उत्तराचा छोटा भाग झाला. खरी टीम मला शुक्रवारी दिसते, ट्रॅक पायी बघायला निघतो तेव्हा.

सायकलवरून सरावाची फेरी मारतोच. पण पायी बघितलेला ट्रॅक वेगळाच असतो. सायकलवर असताना दगड येतो आणि जातो. पायी असलं की त्याच्यापाशी बसता येतं. या वेळी दुसऱ्या उताराच्या मध्यावर रॉक गार्डन होतं, मोठ्या दगडांचा पंचवीस-तीस पावलांचा पट्टा. वरून पाहिलं तर उजवीकडची लाइन, म्हणजे सायकल न्यायची वाट, सरळ आणि सोपी वाटत होती. आमचा डाउनहिलवाला खालच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना खाली बोलावलं. तिथून दिसलं की उजवीकडून येणारा माणूस शेवटच्या दगडावरून बाहेर पडतो तो थेट चढाच्या तोंडाशी, चुकीच्या गिअरमध्ये आणि वेग संपलेला. डावीकडची लाइन आत शिरताना भीतिदायक होती, एक छोटा ड्रॉप, म्हणजे एकदम खाली उतरणारी पायरी, होता, पण ती तुम्हाला वळणाच्या बाहेरच्या कडेला आणून सोडत होती आणि तिथून वेग चढात घेऊन जाता येत होता. "लाइन शेवटाकडून वाचायची," असं तो नेहमी म्हणतो. मग तो प्रत्येकाला एकेकदा तिथून घेऊन गेला. स्वतः पुढे, मागे एक जण. त्याची स्वतःची शर्यत वेगळी, डोंगर वेगळा, सायकलसुद्धा वेगळी. त्याचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा काटा, २०० मिलिमीटर दबणारा, आमचे १००-१२०. तरी सगळी दुपार त्याने आमच्या ट्रॅकवर घालवली.

मुळांच्या पट्ट्यावर त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. ओल्या मुळावर ब्रेक नको, आणि मूळ तिरकं नाही, आडवं ओलांडायचं, चाकाशी काटकोन करून. ऐकायला एवढंसं वाटतं. पण ओल्या मुळावर पुढचा ब्रेक दाबलेला माणूस जमिनीवर किती पटकन येतो ते एकदा पाहिलंस तर तूही विसरणार नाहीस.

ट्रॅक बघण्याबद्दल एक गोष्ट सांगतो, ती आमच्या टीममध्ये सगळ्यांना पाठ आहे. टोकियो ऑलिम्पिकची क्रॉस-कंट्री, २०२१ साली झाली ती. मॅथ्यू व्हॅन डर पूल हा त्या काळातल्या सर्वांत ताकदवान सायकलपटूंपैकी एक. एका मोठ्या खडकावरून उतरण्याच्या जागी सरावाच्या वेळी लाकडी फळी होती. शर्यतीत ती काढून टाकलेली होती. तो फळी आहे असं धरून आला आणि पहिल्याच फेरीत हँडलवरून पुढे फेकला गेला. नंतर त्याला शर्यत सोडावी लागली. एवढ्या मोठ्या माणसाला एक बातमी वेळेवर पोचली नाही. म्हणून आमच्याकडे पद्धत आहे, ज्याची शर्यत आधी त्याने ती संपली की पाणी पिण्याआधी बोलायचं. काय बदललं, कुठे चिखल झाला, कुठली दोरी सरकली.

शुक्रवारी रात्री पाऊस पडला, त्यामुळे ही पद्धत या वेळी सोन्यासारखी ठरली. शनिवारी सकाळी पहिली शर्यत नवख्यांची होती. आमचा एक मुलगा शर्यत संपवून पहिल्या काही जणांत परत आला, तोंडावर माती, बोलताना धाप. त्याने सांगितलं की रॉक गार्डनची डावी लाइन अजून चालतेय, पण तिच्या आधीचं वळण आतून पूर्ण गुळगुळीत झालंय, बाहेरून घ्या. त्याच्या एका वाक्यावर आम्ही सगळ्यांनी बेत बदलला. टायरमधली हवाही कमी केली. ट्यूबलेस टायर असतात, त्यामुळे अशा दिवशी वीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) खालीही जाता येतं, हलकी मुलं तर आणखी खाली जातात. हवा कमी म्हणजे टायर पसरतं आणि जमीन धरतं. फार कमी केली तर दगडावर रिम आपटते किंवा टायरची कड कापली जाते. या मधल्या अरुंद पट्टीवर शर्यती जिंकल्या-हरल्या जातात. सकाळी तंबूत दहा जणांची दहा अंगठ्यांनी टायर दाबत चाललेली चर्चा तू ऐकायला हवी होतीस.

आता मुलींच्या शर्यतीकडे येतो. हे पत्र मी मुख्यतः त्यासाठी लिहितोय.

आमची कॅप्टन तिसऱ्या फेरीपर्यंत पहिल्या पाचांत होती. रॉक गार्डनमध्ये तिच्या मागच्या टायरला कड कापली. आतलं सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारं द्रव, उडायला लागलं. तिने घाईघाईने भोक बुजवणारा प्लग खुपसला, खिशातल्या कार्ट्रिजने, म्हणजे दाबलेल्या गॅसच्या छोट्या नळकांड्याने, हवा भरली, निघाली. दोनशे मीटरवर प्लग निघून आला आणि तिच्याकडचं एकमेव कार्ट्रिज संपलेलं होतं. टेक्निकल झोन, म्हणजे बाहेरची मदत घ्यायची ठरलेली जागा, अजून बराच पुढे होता. उलट दिशेने मागे जायची परवानगी नसते, सायकल बदलायची तर मुळीच नसते. ज्या सायकलवर सुरुवात केली त्याच सायकलवर शेवट करावा लागतो. बाहेरच्या कुणी तिला हात लावला तर ती बाद. मी त्याच उताराच्या दोरीपलीकडे उभा होतो, माझ्या खिशात पंप होता, आणि मला तो देता येत नव्हता.

पण नियमात एक वाट आहे. झोनच्या बाहेर स्वतःच्याच टीमचा शर्यतीतला स्पर्धक मदत करू शकतो. मागून आमची पहिल्या वर्षातली मुलगी आली. पहिलीच चॅम्पियनशिप, खालच्या अर्ध्यात कुठेतरी, पण छान लयीत चाललेली. कॅप्टन सायकल खांद्यावर घेऊन पळतेय हे तिने पाहिलं, ब्रेक मारला, फ्रेमला टेपने चिकटवलेलं कार्ट्रिज आणि प्लगची डबी काढून दिली. कॅप्टन तिला ओरडून "थांबू नकोस, जा" म्हणत होती. ती थांबली. दुसरा प्लग पहिल्याच्या शेजारी बसवेपर्यंत तिने चाक धरून ठेवलं. मगच निघाली.

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं चाक पंक्चर झालं होतं, चाक बदलण्यात आघाडीवाले अर्ध्या मिनिटाहून जास्त पुढे गेले आणि तरी शेवटच्या फेरीत त्याने सुवर्णपदक काढलं. आमच्या कॅप्टनने सुवर्ण काढलं नाही. ती आठवी आली. पण मागचं टायर अर्धवट मऊ, प्रत्येक दगडावर शरीर वर उचललेलं, अशी तिने ती शेवटची फेरी काढली. सायकलवर कुणी माणूस इतका हलका होताना मी आजवर पाहिला नव्हता.

आणि ती लहान मुलगी? थांबण्यात तिची वेळ गेली, पुढच्या चढावर एकामागून एक मुली पुढे गेल्या. ऐंशी टक्क्यांचा नियम असतो. पहिल्या क्रमांकावरच्या मुलीला पहिल्या फेरीला जेवढा वेळ लागला, त्याच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त मागे पडलं की फेरी पूर्ण झाल्यावर पंच बाहेर काढतात. शेवटच्या फेरीआधी तिला काढलं. क्रमांक लागतो, गुणही मिळतात, पण शेवटची रेषा ओलांडायला मिळत नाही. ती दोरीच्या या बाजूला येऊन उभी राहिली, डोळ्यांत पाणी होतं, आणि पहिला प्रश्न तिने विचारला, "प्लग टिकला का?"

संध्याकाळी यावर वाद झाला, तोही तुला सांगायला हवा. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, डबी फेकून पुढे जायला हवं होतं, थांबायची गरज नव्हती, तिचे चार-पाच क्रमांक वाचले असते. कॅप्टन स्वतःही त्याच बाजूची. तिने शांतपणे सांगितलं की पुढच्या वेळी आधी स्वतःची शर्यत. मी मात्र त्या मुलीच्या बाजूने बोललो आणि अजूनही तिच्याच बाजूने आहे. चिखलाच्या हातांनी, धाप लागलेली असताना, एकटीने प्लग बसवताना चाक हलतं. पहिला प्लग त्यामुळेच निघाला होता. तिने हे ओळखलं आणि जे लागत होतं तेवढंच केलं, एक क्षण जास्त नाही. हिशेब करून पाहिला तर कॅप्टनने राखलेले गुण तिने गमावलेल्या गुणांपेक्षा जास्त होते. पण समजा कमी भरले असते, तरी माझं मत हेच राहिलं असतं.

माझी शर्यत ठीक झाली. सुरुवातीच्या रांगेत मागे होतो, ट्रॅक अरुंद होण्याआधी जेवढे जण गाठता येतील तेवढे गाठले, मग चढांवर एकेक. डावी लाइन प्रत्येक फेरीत बसली. शॉर्ट ट्रॅकबद्दल फक्त एवढंच की वीस मिनिटं फार मोठी असतात.

रविवारची डाउनहिल मी खालून पाहिली. वाळत आलेला डोंगर, वर धुकं. मला तिथे नेहमी या खेळाची सुरुवात आठवते. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या, मागे पेडल फिरवून ब्रेक लावायच्या सायकली घेऊन एका उतारावरून शर्यती लावायला लागले. उतरताना हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, ग्रीस तापून जळून जायचं, प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. वीस वर्षांनी, १९९६ला, अटलांटात माउंटन बाइक ऑलिम्पिकमध्ये होती. मित्रांनी एकत्र येऊन, एकमेकांची चाकं उघडून सुरू झालेला खेळ आहे हा. आमचा डाउनहिलवाला चौथा आला, आणि आमच्या क्रॉस-कंट्रीच्या दोन मुली, ज्यांना त्याने हिवाळाभर उतार शिकवला होता, दोघी गुणांत आल्या. त्याला स्वतःच्या चौथ्यापेक्षा त्या दोघींच्या वेळा पाठ होत्या.

रिलेत एकेक फेरी प्रत्येकाची, मुलं-मुली मिळून, क्रम टीमने ठरवायचा. कॅप्टनने शेवटची फेरी स्वतःकडे ठेवली नाही. पहिल्या वर्षातल्या त्या मुलीला दिली. मी तिच्या आधी होतो. आदल्या दिवशी तिला ती शेवटची रेषा मिळाली नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोललं नाही. मी सहाव्या क्रमांकावर तिच्या हाती शर्यत दिली. तिने एक जागा वर काढली आणि पाचवी येऊन रेषा ओलांडली. एकूणात आम्ही तिसरे आलो, चौथ्यापेक्षा फार थोड्या गुणांनी पुढे.

तू सायकल घेण्याचंही विचारलं होतंस. पहिली माउंटन बाइक हार्डटेलच घे, मागे सस्पेन्शन नसलेली. चूक झाली की ती लगेच सांगते आणि देखभाल कमी. फ्रेम तुझ्या उंचीची आहे ना ते आधी बघ, गिअर किती ते नंतर. ब्रेक डिस्कचे, शक्यतो हायड्रॉलिक. घेण्याआधी मला फोटो पाठव. पुढच्या हंगामात एका शर्यतीला तू आमच्याबरोबर ये, फीड झोनमध्ये बाटल्या द्यायला माणूस हवाच आहे. सायकलवरून वेगात येणाऱ्या माणसाच्या हातात बाटली कशी द्यायची ते कॅप्टन तुला शिकवेल, तिचे त्याबद्दलही ठाम नियम आहेत.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
सायकलवाला मित्र