प्रश्न विचारा आणि थांबा

संपादक महोदय,

शिक्षक प्रशिक्षण म्हटले की सभागृह, पडद्यावर सरकणारी पाने आणि शेवटी प्रमाणपत्र. मीही अशी बरीच जमवली. वर्गात त्यातले फारसे उतरले नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी १९८० च्या दशकात हेच मांडले होते: नुसते ऐकून-पाहून शिकलेले तंत्र क्वचितच वर्गापर्यंत पोहोचते, त्यासाठी प्रत्यक्ष कामात कुणाची तरी सोबत लागते.

साधे उदाहरण घ्या. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, एरवी गप्प बसणारीही बोलतात. ऐकायला किती सोपे! माझा पाठ पाहायला मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शक बाईंनी घड्याळ लावून नोंदी दाखवल्या, तेव्हा मला कळले की बहुतेक उत्तरे मीच देऊन मोकळी होते. (आणि ‘मुले बोलतच नाहीत’ ही तक्रारही माझीच.) मग पुढच्या आठवड्यासाठी एवढा एकच बदल ठरला. त्या पुन्हा येऊन बसल्या.

मात्र मार्गदर्शकाचा तपासनीस होऊ देऊ नये. त्याची वही मूल्यमापनाच्या फायलीत जाणार असेल, तर शिक्षक त्याला घोटवलेला नमुना पाठच दाखवतील. आणि पाठानंतरच्या चर्चेला वेळापत्रकात तास हवा; मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या होते ती विचारपूस.

– एक शिक्षिका