घातांक खाली पडला, त्याचं काय?

मा. संपादक,
स. न.

कालच्या विज्ञान पानावर ‘शेवटची मूळ संख्या सापडली’ असा चार कॉलमी मथळा वाचला. शेवटची? मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या) कधी संपत नाहीत, हे युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलंय. सापडली ती आजवर माहीत असलेल्यांत सर्वांत मोठी, एवढंच. असो. मथळ्यांबाबत आम्ही केव्हाच हात टेकलेत.

माझं दुखणं खालच्या ओळीचं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ही संख्या म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. आपण छापलंत ‘२१३६२७९८४१ – १’. घातांक वर चढलाच नाही, दोनाला खेटून बसला. आता वजाबाकी करा: २१३६२७९८४०. शेवटी शून्य! दहाने भाग जातो, अंकांची बेरीज ४२ म्हणून तीननेही जातो. अशी ही आपली मूळ संख्या. बरं, त्याच परिच्छेदात ती चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकी असल्याचं लिहिलंय आणि शेजारी उभी आहे दहा अंकी. कुणी मोजलं नाही? खरी संख्या १ वर संपते, त्याला संगणक लागत नाही. दोनाच्या घातांचे एकक २, ४, ८, ६ असे फिरतात. १३६२७९८४१ ला चाराने भागून बाकी एक, म्हणजे एकक २, त्यातून एक गेला.

मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. खिळ्यांचा, म्हणजे सुटी धातूची अक्षरं जुळवून छापण्याचा जमाना. एका प्राध्यापकांच्या गणिताच्या पुस्तकात ‘२ चा ११ वा घात वजा १ = २३ × ८९’ असं उदाहरण होतं; घातांक मूळ असला तरी उत्तर मूळ असेलच असं नाही, हे दाखवायला. जुळाऱ्याने ११ खाली बसवले. झालं २११ – १. मी गॅलीवर, म्हणजे तपासायच्या कच्च्या छाप्यावर, खूण केली, मालक म्हणाले, “एवढंसं कोण बघतंय, चढवा मशीनवर.” फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, छापून झाला आणि प्राध्यापक हजर. ओरडले नाहीत. मालकांसमोर कागद ठेवून म्हणाले, “२१० चे २०४७ करून द्या, मग बिलाचं बोलू.” फर्मा रद्दीत गेला, कागदाचा खर्च मालकांच्या अंगावर. आणि मालक आठवडाभर बोलले नाहीत ते माझ्याशी! जणू घातांक मीच ढकलून दिला होता.

तेव्हा वरचा बारीक खिळा शोधायला पेटी धुंडाळावी लागे. आज एक बटण दाबायचं असतं म्हणे. तेही दाबवत नसेल तर ‘२ चा अमुकावा घात’ असं अक्षरी लिहा, कुणी हसणार नाही. गणिती दत्तात्रेय कापरेकर याच पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकले. मध्यंतरी त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ६१७४ चं आपण ६१४७ केलंत, तेव्हाही पत्र टाकलं होतं. छापलं नाहीत. गंमत म्हणजे त्या चुकीच्या आकड्यालाही कापरेकरांची रीत लावली (अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा: ७६४१ – १४६७) की पहिल्याच वजाबाकीत ६१७४ हजर. आपल्याकडून मात्र दुरुस्ती अजून यायची आहे.

या वेळची तरी त्याच पानावर, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापावी. आणि हो, मंगळवारच्या सुडोकूचं उत्तर ‘उद्याच्या अंकात’ होतं. त्या जागी गाद्यांची जाहिरात आली.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
नारायण पेठ, पुणे ३०