पडल्यावर परवडेल अशी गाडी घे

मुलुंड, मुंबई

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तिन्ही जुन्या मोटरसायकली बघून झाल्या. नाक्यावरच्या गॅरेजचे काका माझ्यासोबत होते. इंजिन त्यांनी बघितलं, कागद मी बघितले. निर्णय आधी सांगते, कारणं मागून. २०१३ ची कावासाकी निन्जा ६५०आर सोडून दे आणि २०१९ ची निन्जा ३०० घे. केटीएमची आरसी ३९० मनात असेल तर तिच्याबद्दल खाली लिहिलंय.

६५०आर तुला का आवडली ते मला कळतं. ६४९ सीसी, दोन सिलिंडर, ७२ पीएसची ताकद, आणि मालक अडीच लाखांच्या आत यायला तयार. एवढं इंजिन या पैशांत नवीन मिळणार नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण तुझा सगळा हिशेब गाडी घरी आणेपर्यंतचा आहे. मी विमा कंपनीच्या मोटर क्लेममध्ये इतकी वर्षं काढली. माझ्या टेबलावर गाडी येते ती पडल्यानंतर. म्हणून माझा हिशेब तिथून सुरू होतो. आणि सोनू, दुचाकी चालवणारा कधी ना कधी पडतोच. सिग्नलला तेलावरून चाक सरकतं, गेटच्या उतारावर स्टँड नीट लागत नाही. मोठा अपघातच व्हावा लागतो असं नाही.

आता दहा वर्षांपेक्षा जुनी, पूर्ण फेअरिंगची, म्हणजे सगळीकडून प्लास्टिकचं आवरण असलेली, गाडी पडली तर काय होतं ते बघ. क्लेममध्ये प्लास्टिक आणि रबराच्या प्रत्येक भागावर ५० टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि दहाच्या पुढे ५० टक्के. घसारा न कापणारा झिरो डेप विमा अशा जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे बिलाचा जवळपास निम्मा भाग तुझ्या खिशातून. याहून वाईट म्हणजे टोटल लॉस. विम्यात गाडीची जी किंमत धरलेली असते ती आयडीव्ही. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी दुरुस्त करून देत नाही, टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरते. समज, आयडीव्ही एक लाख ऐंशी हजार आहे. मग मर्यादा एक लाख पस्तीस हजार. पुढच्या चाकाचे दोन्ही दांडे म्हणजे फोर्क, रेडिएटर, हेडलाइट, फेअरिंगचे दोन-तीन तुकडे, टाकीला पोचा. मोठ्या गाडीचे सुटे भाग ज्या भावाने येतात त्या भावाने ही मर्यादा ओलांडायला रस्त्यावर फार मोठी धडक लागत नाही. त्यामुळे जुन्या मोठ्या गाड्या टोटल लॉसमध्ये पटकन जातात. पुढे ते सॅल्व्हेज, म्हणजे मोडकी गाडी, विकलं जातं, कोणीतरी ते जोडतं, रंगवतं, आणि ती गाडी पुन्हा जाहिरातीत दिसते.

म्हणून मी मालकाकडे नोंदणीच्या कागदाच्या, म्हणजे आरसीच्या, आधी विम्याच्या जुन्या पॉलिसी मागितल्या. त्यात नो क्लेम बोनसचा, म्हणजे हप्त्यातल्या सवलतीचा, रकाना बघायचा. क्लेम घेतला नाही तर तो दरवर्षी वाढतो: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. क्लेम घेतला की शून्यावर येतो. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे गाडी नुकतीच घेतलेल्या माणसाच्या पॉलिसीत शून्य दिसलं तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण ६५०आरच्या मालकाकडे गाडी बरीच वर्षं आहे, पॉलिसी त्याच्याच नावाची आहे, मध्ये खंडही नाही आणि गेल्या वर्षी बोनस शून्य. तोंडाने तो म्हणत होता, गाडी कधी पडलीच नाही.

काकांनी तोवर हॅण्डल पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे वळवून बघितलं. हॅण्डल जिथे अडतं तो फ्रेमवरचा स्टॉपर एका बाजूला चेपलेला होता. उजव्या फोर्कची चकाकी डाव्यापेक्षा वेगळी. फेअरिंगचा रंग सुंदर, पण ती अडकवायचे आतले लग चिकटवलेले. इंजिनाला हात लावला तर कोमट. आम्ही यायच्या आधीच त्याने गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन चालू होताना कसं वाजतं, धूर येतो का, हे त्याला आम्हाला दाखवायचं नव्हतं. तिथेच मी मनात फुली मारली.

पण समज, हीच गाडी निष्कलंक असती. तरी मी नको म्हटलं असतं, आणि त्याचं कारण आपलं हे शहर आहे. तू रोज मुलुंडहून पवईला जाणार. एलबीएस मार्गाने भांडुप, गांधीनगर जंक्शन, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. त्या वाटेवर ७२ पीएस दुसऱ्या गिअरमध्ये तापत राहणार आणि रेडिएटरचा पंखा गरम हवा तुझ्या गुडघ्यांवर सोडत राहणार. मुंबईतले जे रस्ते खरोखर मोकळे आहेत ते दुचाकीला बंद आहेत: वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, जे. जे. उड्डाणपूल. पुण्याला निघालास तर एक्सप्रेस वेही नाही, जुना हायवेच. मोठ्या इंजिनाची गंमत अनुभवायला तुला पहाटे उठून माळशेज किंवा कसाऱ्याच्या बाजूला जावं लागेल, आणि तिथेही वळणांवर तीनशे सीसी पुरून उरते. शिवाय गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होईल. मग पुनर्नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे नुसता थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, वर्षाचा हप्ताही ३५० सीसीच्या वर २,८०४ रुपये आहे, त्याखालच्या गटाला १,३६६. वजन दोनशे किलोच्या वर आणि त्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. पावसात मुंबईच्या रस्त्यावर एबीएस नसलेली एवढी जड गाडी माझा मुलगा चालवतोय, हे मला चालणार नाही. त्यावर मी चर्चा करणार नाही.

आता निन्जा ३००. २९६ सीसी, दोन सिलिंडर, ३९ पीएस, वजन १७९ किलो. ही गाडी आपल्याकडे २०१३ मध्ये आली, पण जुन्या गाड्यांना एबीएस नव्हता, तो २०१८ पासून आला. म्हणून जाहिरातीत वर्ष बघताना २०१८ च्या मागे जाऊच नकोस, वीस-तीस हजार वाचत असले तरी. त्याच सुमारास बरेच भाग इथे बनू लागले आणि किंमतही खाली आली. क्लच हलका आहे, गिअर पटकन खाली टाकला तरी मागचं चाक अडखळू न देणारा स्लिपर क्लच आहे, आणि रेडिएटरची गरम हवा पायांपासून दूर खाली जावी अशी तिची रचना आहे. गांधीनगरच्या सिग्नलला तुला त्याचं मोल कळेल.

कांदिवलीची ही गाडी एमएच-४७ पासिंगची, पहिलाच मालक, बोनस ५० टक्के. इंजिन थंडगार होतं, पहिल्याच सेल्फला चालू झालं. कूलंट स्वच्छ, ऑइलमध्ये दुधाळपणा नाही, चॅसी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळले. खोट आहे ती अशी: टायरवर जे चार आकडे असतात त्यात पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात, आणि हे टायर गाडीइतकेच जुने आहेत. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण रबर कडक झालंय. ओल्या रस्त्यावर ते धरणार नाहीत. चेन-स्प्रॉकेट संपत आलेत, पुढचे ब्रेक पॅडही. या तीन गोष्टींवर भाव खाली आण, आणि जे सुटतील ते पैसे त्यातच घाल. टायर मात्र गाडी घरी यायच्या आधी बदल. नंतर बघू म्हणायचं नाही.

आरसी ३९० स्वस्त आहे, ३७३ सीसीचं एकच सिलिंडर ४३ पीएस देतं, एबीएसही आहे. पण हॅण्डल खाली आहे आणि रोजच्या ट्रॅफिकमध्ये सगळा भार मनगटांवर येतो. त्यात खारघरच्या त्या गाडीच्या बोल्टना बारीक भोकं दिसली. रेस ट्रॅकवर बोल्ट सुटू नयेत म्हणून तार बांधायला पाडतात तशी. मालक ट्रॅकबद्दल अवाक्षर बोलला नाही. यामाहा आर३ एबीएसवाली मिळाली तर मला दाखव, ती चांगली गाडी आहे, पण २०१८ च्या आधीच्या बिनएबीएसच्या जास्त दिसतात. ह्योसंग जीटी६५०आर कितीही स्वस्त मिळो, भाग शोधत फिरशील. दिल्ली किंवा बंगळुरू पासिंगची स्वस्त दिसली तर आधी एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स त्यात मिळव, मग ती स्वस्त राहत नाही.

अडीच लाखांतले पंचवीस हजार बाजूला काढ: हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. हे पैसे गाडीच्या भावात वापरायचे नाहीत. कमी पडले तर मी देईन. गाडीसाठी देणार नाही, यासाठी देईन.

कागदांचं नीट वाच. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या. कांदिवलीच्या गाडीवर कर्ज होतं, म्हणून बँकेचं एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हवा. ई-चलन बाकी असेल तर ते त्याने भरायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विमा चौदा दिवसांच्या आत तुझ्या नावावर करून घे. थर्ड पार्टी आपोआप पुढे चालू राहतो, गाडीच्या नुकसानीचा भाग राहत नाही. आरसी नव्या माणसाची, पॉलिसी जुन्याची, आणि मधल्या काळात गाडी पडलेली, असे क्लेम माझ्या टेबलावर सतत आले. माणसं हात जोडायची आणि मला नाही म्हणावं लागायचं. मालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवचही त्याच वेळी घे.

कांदिवलीवाल्याला मी रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय, टोकन दिलेलं नाही. तुझा होकार आला की काका चाकं आणि कोनसेट (हॅण्डलचं बेअरिंग) आणखी एकदा उचलून बघतील, मग पैसे बँकेतूनच द्यायचे, रोख नाही. शनिवारी रात्री फोन कर.

तुझी,
आई