बाळ्याला पत्र: येझदी पुन्हा बंद पडली

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

आपल्या दोघांची जुनी मोटारसायकल, येझदी, मध्यंतरी गगनबावडा रोडला कळे गावाच्या पुढं बंद पडली. तू मला रस्त्यावर सोडून एसटीत चढलास ना, तिथंच जवळपास. घरात सांगितलं तर "विकून टाका एकदाची" एवढंच ऐकायला मिळतं, आणि बाहेर कुणाला सांगावं तर त्यांना ती एसटी माहीत नाही. म्हणून तुला लिहितोय. फोनवर तू मधे बोलतोस, पत्रात तेवढं तरी जमणार नाही तुला.

घरी सगळे बरे. आईचे गुडघे आहेत तसेच. माझी शुगर काठावर. झालं.

तर गाडी. सकाळी अर्ध्या किकमध्ये चालू होते. बालिंग्याचा पूल ओलांडेपर्यंत अशी पळते की वाटावं, आत्ता मैसूरच्या कारखान्यातून सुटून आलीय. कळे मागं पडलं की मिसिंग सुरू. आधी एखादा ठोका चुकतो, मग सायलेन्सरमधून फटाका, मग किल्ली काढल्यासारखी गप्प. पंधरा-वीस मिनिटं झाडाखाली उभी केली की पुन्हा चालू, काही घडलंच नाही असा चेहरा करून.

आपला मिस्त्री आता सगळं पोराच्या हाती देऊन बाकड्यावर बसलेला असतो. पोरगा गुणी आहे, पण किकचाच गियर होतो हे कळायलाच त्याला वेळ लागला; डावीकडं खाली वाकून दुसरा दांडा शोधत होता. शेवटी म्हणाला, "काका, बोअर गेलाय, पिस्टन फिरतो ती नळीच झिजलीय. पिस्टन तापून धरतोय. इंजिन खोलावं लागणार." मी म्हटलं, थांब बाबा. पिस्टन धरला की मागचं चाक जाम होऊन गाडी घासत थांबते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? राधानगरी रोडला तू पेट्रोलमध्ये ऑइल न घालता निघालास तेव्हाची ती काळी रेघ मी बघितली आहे. लिटरला ४० मिली, बाळ्या. शाळेतला पाढा असता तर पाठ केला असतास. तर ही तशी थांबत नाही. बंद पडल्या पडल्या किक हातानं दाबून बघितली, अलगद फिरते आणि वर दाब चांगला लागतो. म्हणजे इंजिन शाबूत.

मग तुझा लाडका मुद्दा: टाकीच्या झाकणाचं भोक. ते बुजलं की टाकीत हवा जात नाही, पेट्रोल उतरत नाही, गाडी हळूहळू मरते. झाकण उघडलं; 'सुस्स' असा आवाज नाही. कार्ब्युरेटरवरची पिन दाबली तर पेट्रोल बोटांवरून वाहिलं. गगनबावड्याला जाताना ज्यावरून तू माझी अक्कल काढलीस आणि निघून गेलास, तेव्हा तुझं बरोबर असेलही. यावेळी नाही. शिवाय पेट्रोल कमी पडलं तर गाडी कुंथत, हिसके देत थांबते. ही फटाके उडवून थांबते. दोन्हींत फरक आहे, आणि तो तुला तेव्हाही ऐकायचा नव्हता.

खिशातला दुसरा प्लग टोपीत घातला, हेडच्या फिनवर टेकवला, किक मारली. ठिणगी आली, पण पिवळट, मलूल. घरी थंड असताना हीच निळी आणि टचकन येते. उजवीकडचं झाकण काढलं. आत पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारी पट्ट्यांची जोडी; त्यांची तोंडं काळी पडलेली. पॉलिश पेपरनं घासून फट ०.४ मिमी केली, तरी तेच. मग सहज सुचलं म्हणून रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि पिळून त्या करंगळीच्या पेराएवढ्या कंडेन्सरवर धरला. थोडा वेळ धरून ठेवला, काढला, किक. चालू! रस्त्यात एकटाच ओरडलो. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं वळून बघितलं. त्याला काय सांगणार? तुला सांगतोय.

पॉइंट उघडले की तिथला करंट उडी मारायला बघतो, कंडेन्सर तो पोटात घेतो, म्हणून ठिणगीला जोर देणाऱ्या कॉइलचा सगळा जोर प्लगवर पडतो. कंडेन्सर तापून ढिला झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते. घरी आल्यावर इंजिन चांगलं तापवून, शेडमधला दिवा घालवून बघितलं: पॉइंटवर निळा लखलखाट. पोरगाही बघून गेला. बोअरचं नाव काढलं नाही त्यानं पुन्हा.

बाजारातून नवा कंडेन्सर आणला. डबी इतकी चकचकीत की मला तिथंच शंका आली. आठवडाभरात त्याचंही तेच. मुळात तो बसतो डायनामोच्या घरात, इंजिनच्या कुशीत, भट्टीच ती. म्हणून आता तार लांबवून तो बाहेर काढला, टाकीखाली कॉइलच्या शेजारी, वाऱ्यावर. गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो, एक ठोका चुकला नाही. पण मनात अजून आहेच: कॉइलही थकली असेल तर? एकट्याच्या वजनानं तिची परीक्षा होत नाही. करूळ घाट चढताना मागं तुझ्यासारखा कुणी बसलेला असला तरच कळेल. हा टोमणा नाही. बरं, आहे.

आणि सीट. दिवाळीत विजयदुर्गला जायचं म्हणालास, आणि तुझ्या मणक्याचं ऐकल्यापासून माझा तिच्यावरच डोळा. सीटवाल्यानं आधी चार इंची मऊ फोम घातला. दुकानात बसलो तर लग्नाच्या हॉलमधला सोफा. कळ्यापर्यंत फोम बसला आणि मी पत्र्यावर. मऊ फोम पाच मिनिटांचा सोबती, वजन पडलं की तळाला टेकतो. दुसऱ्यांदा मी समोर बसून करून घेतलं. खाली कडक रिबॉन्डेड (तुकडे दाबून केलेला) फोम, वर फक्त इंचभर मऊ. पुढं उतार होता, त्यानं सरकत सरकत माणूस टाकीवर जायचा आणि सगळा भार मनगटांवर. तो काढून सपाट केला. मागं रुंद, म्हणजे बसायची दोन्ही हाडं टेकतात; पुढं कडा तासल्या, नाहीतर माझे पाय जमिनीला लागले नसते (हस, हस). आडवी शिवण नेमकी माकडहाडाखाली यायची, ती पुढं घेतली. रेक्झिन ढोलासारखं ताणू नकोस म्हटलं, नाहीतर फोम कसलाही घाला, वर फळीच. पत्र्याची गंजलेली कड उद्यमनगरात वेल्ड करून आणली. तुझ्या जागेवर मी स्वतः बसून बघितलं, आपल्या बंड्याला पुढं बसवून. पाठीचं काही म्हणणं नव्हतं. बंड्याच्या गाडी चालवण्याबद्दल मात्र होतं.

पुण्याचा एक गृहस्थ येऊन गेला, जुन्या येझदीच्या नादातला. अर्धी मालकी बेंगळूरला आहे असं सांगून परत पाठवला. भाव सांगत नाही. तुला उगाच आकडेमोड सुचेल.

वहिनींच्या बढतीचं कळलं, फार छान झालं. चिनूच्या बारावीचं काय झालं? लिही. तू चालायला जातोस का? जात जा.

आता काम. येझदीचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला, पण तुमच्या बेंगळूरच्या जे. सी. रोडवर एखाद्या जुन्या दुकानात तेव्हाचा माल निघू शकतो. कंडेन्सर दोन, पॉइंटचा एक सेट, आणि जमलंच तर कॉइल. चकचकीत डबी दिसली की पुढच्या दुकानात जा. बिल जपून आण. क्लच प्लेटांचे पैसे मी दिले होते की तू, हे अजून ठरलेलं नाही.

तुझा,
दिल्या