लसीच्या रांगेत सर्वांत पुढे उभे राहताना

डिचोली, गोवा
14 जानेवारी 2022

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. संक्रांतीच्या तुला आणि घरच्या सर्वांना शुभेच्छा.

गेल्या सोमवारी, 10 तारखेला, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कोविड लसीचा प्रिकॉशन डोस, म्हणजे खबरदारीचा तिसरा डोस, सुरू झाला आणि तुझ्या मागच्या पत्रातील प्रश्न पुन्हा समोर आला. ज्यांनी हा रोग सर्वांत जवळून पाहिला, त्या परिचारिका, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक पहिल्या वेळी लस घ्यायला मागे का सरकले, असे तू विचारले होतेस. त्या वेळी मागे सरकलेल्यांत मीही होतो, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो.

16 जानेवारी 2021 रोजी देशभर लसीकरण सुरू झाले, तेव्हा यादीत नाव असूनही मी दोन सत्रे टाळली. लहानपणापासून टोचून घेतलेल्या कोणत्याही लसीविषयी मी कधी शंका घेतली नव्हती. परंतु कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच 3 जानेवारीला परवानगी मिळाली होती, आणि आमच्या आरोग्य केंद्रावर कोविशिल्ड येणार असली तरी त्या चर्चेने दोन्ही लसींवरचा विश्वास हलला होता. शिवाय घरी आई अंथरुणाला खिळलेली. मला काही झाले तर तिचे कोण करील, हा विचार कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जड होता. अखेर आमच्या ज्येष्ठ परिचारिकाबाईंनी स्वतः डोस घेतला, दुसऱ्या दिवशी अंगात कणकण असतानाही फोन करून नेमके काय होते ते सांगितले, आणि त्यानंतर मी फेब्रुवारीत लस घेतली.

2 फेब्रुवारीपासून पालिका आणि पंचायतीच्या कर्मचाऱ्यांची पाळी आली. तेव्हा मला जे शिकायला मिळाले, ते कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेले नव्हते. कचरा उचलणाऱ्यांपैकी बरेच जण कर्नाटकातून येऊन इथे स्थायिक झालेले आणि कंत्राटावर काम करणारे. लस घेतल्याने मूल होत नाही, ही अफवा त्यांच्यातही पोहोचली होती. पण जवळ बसून बोलल्यावर खरा प्रश्न बाहेर आला. ‘‘साहेब, दुसऱ्या दिवशी ताप आला तर त्या दिवसाचा पगार कोण देणार?’’ एका दिवसाच्या तापाची शक्यता आम्हीच त्यांना प्रामाणिकपणे सांगितली होती आणि तो एक दिवस त्यांना परवडणारा नव्हता. कंत्राटदाराने हात वर केले. मग आमच्या डॉक्टरांनी त्यांचे सत्र शनिवारी दुपारी ठेवले, म्हणजे ताप आलाच तर तो रविवारच्या सुट्टीत जावा. त्या शनिवारी रांग लागली. याला आपण ‘जनजागृतीचा अभाव’ म्हणत होतो, याची मला अजून लाज वाटते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या भागातील एका अंगणवाडी सेविकेचे मूल अंगावर पीत होते. जानेवारीत नियम असा होता की गर्भवती आणि स्तनदा मातांनी लस घेऊ नये, कारण चाचण्यांमध्ये त्यांचा समावेश नव्हता. 19 मे रोजी स्तनदा मातांना आणि 2 जुलै रोजी गर्भवतींना परवानगी मिळाली. आम्ही तिला बोलावले, तेव्हा तिने शांतपणे विचारले की जे जानेवारीत बाळासाठी धोक्याचे होते ते मे महिन्यात सुरक्षित कसे झाले. तिचा प्रश्न योग्यच होता. पुरेशी माहिती नसल्यामुळे आधी थांबायला सांगितले होते, धोका सिद्ध झाल्यामुळे नव्हे, हा फरक तिला कोणीही समजावला नव्हता. कोविशिल्डच्या दोन डोसांमधील अंतराचेही तसेच झाले: आधी 4 ते 6 आठवडे, मार्चमध्ये 6 ते 8, मे महिन्यात 12 ते 16. ज्यांनी आज्ञाधारकपणे 28 दिवसांनी दुसरा डोस घेतला होता, ते आपला डोस वाया गेला का, असे विचारत येत. शास्त्र नवी माहिती मिळाली की मत बदलते, हे मला मान्य आहे. परंतु बदललेला आकडा तेवढा खाली येई आणि त्यामागचे कारण वरच राही, याचा मला राग येतो.

एप्रिल-मेच्या लाटेनंतर चित्र एकदम पालटले. जवळची माणसे गेली, आणि ज्यांना आम्ही विनवण्या करीत होतो ते पहाटेपासून केंद्रासमोर उभे राहू लागले. त्याला मी आमचे यश मानत नाही. तो भीतीने मिळवलेला होकार होता. त्या भीतीची मुदत किती, हे या आठवड्यात दिसते आहे, कारण तेच सहकारी आता पुन्हा विचारू लागले आहेत की दोन घेतल्यावर तिसरा कशाला. या वेळी मात्र सत्र सुरू होण्यापूर्वी आम्ही अर्धा तास फक्त प्रश्नांसाठी ठेवला आहे, आणि सफाई कामगारांचे सत्र न सांगताच शनिवारी लागले आहे.

दुसऱ्या डोसाला 39 आठवडे उलटून गेल्यामुळे माझाही क्रमांक लागला आहे. येत्या सोमवारी घेणार आहे. ती अंगणवाडी सेविकाही त्याच दिवशी सत्राला मदतनीस म्हणून येते आहे, आणि मातांच्या शंकांना उत्तरे देण्याचे काम तिने स्वतःहून मागून घेतले आहे.

वहिनींना नमस्कार. तिथल्या तुमच्या कारखान्यातील कामगारांना रजा मिळाली होती का, ते पुढच्या पत्रात अवश्य कळव.

तुझा,
बालमित्र