बाय, सेकंड व्हायोलिन एवढ्यात सोडू नकोस

बाय,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मग झोपच नाही आली, साडेचारला उठून किचनमध्ये दिवा लावून बसलो तर मम्मीला वाटलं पहिली चर्चगेट पकडायचीय. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला माहितीये, तू पटापट बोलतेस आणि मी हो हो करत राहतो, म्हणून हे टाइप करून पाठवतोय. सावकाश वाच.

ऑर्केस्ट्रा कंडक्टिंगच्या कोर्सला तुझा नंबर लागला ही आपल्या घरातली केवढी मोठी गोष्ट आहे ते मी काल सांगायलाच विसरलो. खूप आनंद झालाय. पण पुढे तू म्हणालीस, पप्पा, आता आमचं चौघांचं क्वार्टेट सोडते, वेळ नाही मिळणार आणि तसंही मी सेकंड व्हायोलिनच आहे. त्या ‘च’ने माझी झोप घालवली.

तू मँचेस्टरमध्ये आहेस म्हणून मेहली मेहतांचंच सांगतो. कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील, स्वतः व्हायोलिनवाले. 1935 साली त्यांनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही काढलं, म्हणजे इथे या संगीतात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. तरी पस्तिशी उलटल्यावर बायकोमुलांना मुंबईत ठेवून न्यूयॉर्कला व्हायोलिनचे गुरू इव्हान गलामियन यांच्याकडे शिकायला गेले, कारण आपल्याला अजून नीट वाजवता येत नाही असं त्यांना वाटत होतं. परत आले, आणि 1955 च्या सुमारास तुझ्याच गावात हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले, जॉन बार्बिरोलींच्या हाताखाली. बार्बिरोली स्वतः मुळात सेलोवाले आणि तेही क्वार्टेटमध्ये बसलेले, ब्रिजवॉटर हॉलसमोरच्या ज्या चौकातून तू येजा करतेस तो त्यांच्याच नावाचा. तिथून मेहतासाहेब 1959 ला फिलाडेल्फियाला गेले, कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, आणि कुठल्या खुर्चीवर बसले माहितीये? सेकंड व्हायोलिनच्या. पन्नाशी उलटलेला, स्वतःचा ऑर्केस्ट्रा चालवलेला माणूस पाच वर्षं तिथे बसला, आणि त्यानंतर 1964 ला लॉस एंजेलिसला जाऊन तरुण मुलांचा अमेरिकन यूथ सिम्फनी काढला तो नव्वदीपर्यंत कंडक्ट केला. मला कोणी विचारलं की कंडक्टरचं आयुष्य कसं असावं तर मी हेच सांगेन, आधी पोडियम, म्हणजे कंडक्टरचा चौथरा, मग खुर्ची मग परत पोडियम, आणि खुर्चीवर बसल्याने त्यांचं काही कमी झालं नाही.

आता माझी गोष्ट, जी तुला कधी सांगितली नव्हती. तुझा जन्म व्हायच्या आधी मला पहिल्यांदा कंडक्ट करायला मिळालं, पॅरिशच्या हॉलमध्ये, पंचवीस-तीस जण, आणि मी हट्टाने मोझार्टची चाळीसावी सिम्फनी घेतली. का, तर ती व्हायोलांनी, व्हायोलिनच्या थोरल्या बहिणींनी सुरू होते. मेलडी नंतर येते, आधी दोन भागांत वाटलेले व्हायोला आतल्या आत धडधडत असतात, आणि मी व्हायोलावाला, माझा त्या जागेवर जीव. कॅसेट लावून आरशासमोर महिनाभर हात मारले, सगळं पाठ. आणि रिहर्सलला काय झालं तर व्हायोला इतके छान वाजत होते की मी त्यांचं ऐकत ऐकत हात मारायला लागलो, ते माझ्या हाताकडे बघून वाजवत होते, मी त्यांच्या आवाजामागे आणि ते माझ्या हातामागे, बारामागून बार लय पडत गेली आणि दुसऱ्या पानापर्यंत मोल्टो अलेग्रोची, एवढ्या जलद लयीची, प्रेतयात्रा झाली. ब्रेकमध्ये लीडर, म्हणजे पहिले व्हायोलिनवाले, जवळ आले, वयस्कर गोवेकर होते, अजिबात न रागावता म्हणाले, अरे तू आम्हाला फॉलो करतोयस आणि आम्ही तुला, मग पुढे कोण चालणार? घरी येताना ट्रेनमध्ये मला रडू आलं होतं. कॅसेट तुमच्यासाठी थांबत नाही म्हणून तिच्याबरोबर हात मारणं सोपं असतं, माणसं थांबतात.

हे मला नंतर कुठे कळलं तर क्वार्टेटमध्ये, आतल्या जागेवर बसून. फर्स्ट व्हायोलिन वर गात असतं, थोडं थांबतं, थोडं पळतं, त्याला ती मोकळीक पाहिजेच, आणि खाली तुझे ते आठ आठ एकसारखे क्वेव्हर, छोटे छोटे स्वर, चाललेले असतात ज्यांना तू फिलर म्हणतेस. बाय, लय तिथेच राहते गं. फर्स्टने श्वास घेतला तर तेवढीच जागा द्यायची आणि तरीही पडू द्यायचं नाही, ऐकायचं पण मागे जायचं नाही, एकाच वेळी दोन्ही. हेच काम पोडियमवर हाताने करायचं असतं, दुसरं काही नाही. आरशासमोर हे येत नाही आणि कुठल्याही कोर्समध्ये कोणी तुला रोज दोन तास ऑर्केस्ट्रा देणार नाही, पण तीन माणसं तुला आत्ता, फुकट, दर आठवड्याला मिळतायत.

तुम्ही मोझार्टचं के 465 क्वार्टेट बसवताय म्हणालीस. त्याची सुरुवात आपल्या भाषेत लावून बघ. सी ला सा धर. सेलो एकटाच सा टोकत राहतो, त्यावर व्हायोला कोमल धैवत घेऊन येतो, मग तू कोमल गंधार, आणि सगळ्यांना वाटतं बरं, असं आहे तर, तेवढ्यात फर्स्ट वरून शुद्ध धैवत लावतो आणि अंगावर काटा येतो. लोक त्या फर्स्टच्या स्वराबद्दल बोलतात. पण तुझा कोमल गंधार नीट बसला नसेल तर तो काटा येतच नाही. उद्या कंडक्टर म्हणून तुला अशा शंभर जागा ऑर्केस्ट्राच्या पोटातून शोधाव्या लागतील आणि त्या वाजवलेल्या माणसालाच पटकन ऐकू येतात.

आणि इंटोनेशनचं. शेजारच्या गुरुजींकडे तू लहानपणी तंबोऱ्याजवळ जाऊन बसायचीस, आठवतं? जुळून आला की ते म्हणायचे, ऐक, गंधार आपोआप बोलतोय, स्वयंभू गंधार. तो पियानोवरच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो. क्वार्टेटमध्ये मेजर कॉर्डचा थर्ड, म्हणजे हाच गंधार, तुझ्याकडे आला की तो तिथेच लावायचा, सेलोच्या सा मधून तो आधीच निघत असतो, तू फक्त त्याच्यावर बोट ठेवायचं. तुझ्या वर्गात हे ऐकत मोठं झालेलं दुसरं कोणी असेल असं मला नाही वाटत.

पैशाचं पण लिहितो, मम्मीने लिही म्हटलंय. मी तीस वर्षं काय केलं तर शिकवण्या, लग्नं, रेकॉर्डिंग, चर्चचा कॉयर, आणि कुठे बोलावलं तर ऑर्केस्ट्रात, विरार लोकलमध्ये व्हायोलाची केस छातीशी धरून. कंडक्टिंग त्यात वर्षाला दोनदा-तीनदा. तुझं याच्यापेक्षा चांगलं होईल, पण तुला काम कोण देणार तर ज्यांच्याबरोबर वाजवलंस तेच, पहिली बोलावणी तशीच येतात, बॅटन बघून कोणी बोलावत नाही. आणि पोडियमवरचे तीन तास लोकांना दिसतात, त्याच्या आधी स्कोअर घेऊन टेबलावर बसलेले तीन आठवडे एकटीचे असतात, आवाज नसलेले. त्या दिवसांत वाजवायला कोणी असलं तर माणूस शाबूत राहतो, हे मी अनुभवाने सांगतोय.

तरीही सोडायचं ठरवलंस तर मी नाराज होणार नाही. पण ही टर्म संपेपर्यंत तरी थांब आणि ते 465 लोकांसमोर वाजवून घे, एवढंच मागतो.

इकडे पाऊस धो धो आहे, बोचे, म्हणजे गजाचे, केस सगळे ढिले पडलेत, स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी ताण येत नाही, आणि माझ्या व्हायोलाची खालची शिवण परत उघडलीय, ग्लू लावून क्लॅम्प करून ठेवलाय. त्यामुळे आठ दिवस वाजवणं बंद, वेळच वेळ आहे. तुझ्या सेकंडच्या पार्टचे फोटो काढून पाठव, पहिली दोन पानं, पेन्सिलच्या खुणांसकट. तुम्ही त्या कोमल गंधारावर अप-बो ठेवलाय की डाउन ते बघायचंय.

पप्पा